मागे कार ओढायची असेल, तर आधी कार ठरवा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत डेन्व्हर येथे असतो. येत्या उन्हाळ्यात आम्ही पती-पत्नी चार महिने त्याच्याकडे जाणार असून कोलोराडो आणि युटा या राज्यांतील राष्ट्रीय उद्याने मोटरहोमने, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, पाहण्याचा बेत आहे. मुक्कामाच्या जागी मोठी गाडी उभी करून लहान गाडीने फिरता यावे, म्हणून मुलगा आपली 2018 सालची होंडा सीआर-व्ही मागे बांधून नेणार आहे. त्याने दोन जुनी मोटरहोम पाहून ठेवली आहेत. एक फोर्डच्या एफ-53 चासीवरचे असून त्याचे पेट्रोल इंजिन पुढे आहे. दुसरे फ्रेटलायनर चासीवरचे असून त्याचे कमिन्स डिझेल इंजिन मागे आहे, पण ते बरेच महाग आहे. कार ओढण्यासाठी किती हॉर्सपॉवर पुरेल आणि दोहोंपैकी कोणती चासी घ्यावी?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण हॉर्सपॉवर विचारलीत, परंतु आपल्या बेतातली खरी अडचण इंजिनात नाही, ती मुलाच्या कारमध्ये आहे. अमेरिकेत मोटरहोमच्या मागे कार बहुधा चारही चाके रस्त्यावर ठेवून, पुढे लोखंडी टो-बार जोडून ओढली जाते. अशा वेळी कारचे इंजिन बंद असते आणि चाकांबरोबर गिअरबॉक्सचे भाग मात्र शेकडो किलोमीटर फिरत राहतात. ज्या गिअरबॉक्समध्ये तेल खेळवणारा पंप इंजिनावर चालतो, तो अशा प्रवासात कोरडा फिरून खराब होतो. सीआर-व्ही 2014 सालच्या मॉडेलपर्यंत अशी ओढता येत असे. 2015 पासून तिच्यात सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअरांच्या पायऱ्या नसलेला, गिअरबॉक्स आला आणि ही मुभा संपली. त्यामुळे 2018 ची गाडी चार चाकांवर ओढता येणार नाही. फक्त पुढची दोन चाके उचलणारी टो-डॉली वापरण्याचा विचार मुलगा करील, पण बर्फाच्या प्रदेशात बहुतेक लोक घेतात तशी त्याची गाडी चारही चाकांना जोर देणारी असेल, तर तोही मार्ग बंद आहे. मग उरतो तो पूर्ण ट्रेलर.

आता वजनाची बेरीज पाहू. सीआर-व्ही साधारण 1,550 किलोची आहे आणि कार वाहून नेणारा साधा लोखंडी ट्रेलर सुमारे 900 किलोचा असतो. दोन्ही मिळून जवळपास 2,450 किलो होतात. पेट्रोल मोटरहोमच्या मागील हिचवर, म्हणजे ओझे जोडण्याच्या जोडणीवर, बहुधा 5,000 पौंडांची, म्हणजे 2,268 किलोंची मर्यादा लिहिलेली असते. म्हणजे इंजिनाचा विचार सुरू होण्याआधीच ही जोडी बाद होते.

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट भागात ट्रकवाले ‘गाडीचे पासिंग किती’, म्हणजे किती वजनाची मुभा आहे, असे विचारतात. तोच प्रश्न मोटरहोमला विचारायचा, मात्र तिथे पासिंगचे आकडे तीन असतात. पहिला जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सामान, पाणी, इंधन आणि माणसे धरून एकट्या मोटरहोमचे कमाल वजन. दुसरा जीसीडब्ल्यूआर, म्हणजे मोटरहोम आणि मागची कार यांचे मिळून कमाल वजन. तिसरी हिचची मर्यादा. या तिन्हींपैकी जो आकडा सर्वांत आधी आडवा येतो, तोच खरा. विक्रेते हिचचा आकडा सांगून मोकळे होतात, तिथे फसगत होते. एफ-53 चासीच्या अनेक जुन्या मोटरहोमवर जीव्हीडब्ल्यूआर 22,000 पौंड आणि जीसीडब्ल्यूआर 26,000 पौंड अशी जोडी आढळते. गाडी पूर्ण भरली, की मागच्या ओझ्यासाठी फक्त 4,000 पौंड, म्हणजे सुमारे 1,815 किलो उरतात, हिचवर 5,000 लिहिलेले असले तरीही. चार चाकांवर ओढण्यास चालणारी म्हणून तिकडे लोकप्रिय असलेली जीप रॅंगलर चार दारांची घेतली, तर ती 1,900 ते 2,000 किलोंची भरते आणि या मर्यादेबाहेर जाते. दोन दारांचीही काठावरच बसते.

म्हणून मुलाला माझे सांगणे असे, की व्यवहार पक्का करण्यापूर्वी मोटरहोम भरून काट्यावर चढवावे. महामार्गांवरील ट्रक-स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात आणि ते प्रत्येक आसाचे वजन वेगळे दाखवून पावती देतात. पाण्याची टाकी भरून, अन्न-भांडी-अंथरुणे ठेवून आणि आपण सर्वांनी गाडीत बसूनच वजन घ्यावे. 300 लिटरची टाकी म्हणजे 300 किलो आणि चार माणसे म्हणजे आणखी अडीच-तीनशे किलो, एवढे नुसत्या अंदाजात निसटून जाते. मी अनेक वर्षे ट्रकच्या कामात काढली आणि मालकाने सांगितलेले वजन व काट्याने सांगितलेले वजन क्वचितच जुळलेले पाहिले.

इंजिनाकडे आता येऊ, कारण डेन्व्हरच्या भूगोलामुळे तिथे इंजिनाला खरे महत्त्व आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर आहे, आपले चिखलदरा सुमारे 1,100 मीटरवर. डेन्व्हरहून पश्चिमेस निघालेला आय-70 महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटर उंची गाठतो. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नसलेले पेट्रोल इंजिन दर 300 मीटरला साधारण तीन टक्के ताकद गमावते, कारण विरळ हवेत सिलिंडरला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. त्या बोगद्यापाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. फोर्डने 2020 च्या सुमारास जुन्या 6.8 लिटर व्ही-10 च्या जागी आणलेले 7.3 लिटर व्ही-8 इंजिन या चासीत 350 हॉर्सपॉवर आणि 468 पौंड-फूट, म्हणजे सुमारे 635 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, पण हा टॉर्क मिनिटाला 3,900 फेऱ्यांवर मिळतो, म्हणजे चढावर इंजिन ओरडत राहणार. कमिन्सचे 6.7 लिटर डिझेल 360 हॉर्सपॉवरच्या आवृत्तीत 800 पौंड-फूट, म्हणजे सुमारे 1,085 न्यूटन-मीटर देते आणि तेही निम्म्याहून कमी फेऱ्यांवर. टर्बोमुळे उंचीवर त्याची ताकद फारशी घटत नाही. हॉर्सपॉवर पाहिली तर दोन्ही इंजिने जवळपास सारखी दिसतात. ओढण्याच्या कामात त्यांच्यात मोठा फरक आहे तो यामुळे.

चढापेक्षा मला उताराची काळजी अधिक वाटते. काही वर्षांपूर्वी चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे मागे भरलेली ट्रॉली घेऊन उतरताना आमच्या जीपचे ब्रेक तापून पेडल मऊ पडले आणि रस्त्याकडेला थांबून तासभर चाके निवू द्यावी लागली. मी पहिल्या वळणापासून ब्रेकवरच पाय ठेवला होता, हे चूक होते. आयझेनहॉवर बोगद्याच्या दोन्ही अंगांना सुमारे सात टक्क्यांचे लांबलचक उतार आहेत आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकना शिरण्यासाठी बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेले आहेत. दहा-बारा टनांची जोडी तिथून उतरवताना वेग इंजिनाने धरून ठेवला पाहिजे. पेट्रोल गाडीत ओझे ओढण्यासाठी असलेला टो-हॉल मोड खालचा गिअर टाकून हे काम बऱ्यापैकी करतो. डिझेल गाडीत धुराची वाट अडवून इंजिनानेच वेग रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक असतो आणि मागे इंजिन असलेल्या बहुतेक गाड्यांत एअर ब्रेकही असतात. कमिन्सच्या 8.9 लिटर इंजिनावर त्याहून प्रभावी, सिलिंडरमधल्या दाबाने वेग रोखणारा कॉम्प्रेशन ब्रेक मिळतो. याशिवाय मागच्या कारला स्वतंत्र ब्रेक लावणारे उपकरण बसवावे. अनेक राज्यांत 3,000 पौंडांवरील ओझ्याला ते कायद्याने आवश्यक आहे आणि जिथे नाही तिथेही मी ते सोडणार नाही.

माझा निर्णय असा. ट्रेलरचा विचार सोडावा. राष्ट्रीय उद्यानांतील बऱ्याच जुन्या कॅम्पग्राउंडमध्ये लांबीची मर्यादा असते आणि ट्रेलर तिथे गैरसोयीचाच ठरतो. सीआर-व्ही मुलाने घरी ठेवून, मालकाच्या पुस्तिकेत चार चाकांवर ओढण्याची स्पष्ट परवानगी छापलेली आहे अशी, शक्यतो 1,500 किलोंच्या आतली जुनी कार घ्यावी. ती मिळाली आणि काट्याची पावती जुळली, तर 7.3 लिटरची पेट्रोल गाडी पुरेशी आहे आणि वाचलेले पैसे प्रवासाला उपयोगी पडतील. मुलाला मात्र रॅंगलरच हवी असेल आणि डोंगरातच वर्षानुवर्षे फिरायचे असेल, तर डिझेल घ्यावे. तिथेही हिचची मर्यादा 5,000 आहे की 10,000 हे पाटीवर वाचूनच ठरवावे, आणि तेल, फिल्टर, एअर ब्रेक यांच्या देखभालीचा खर्च आधी विचारून घ्यावा. आणखी एक गोष्ट मुलाला आवर्जून सांगा. कार चार चाकांवर बांधलेली असताना रिव्हर्स घेता येत नाही. काही फुटांतच तिची पुढची चाके तिरकी होऊन टो-बारवर ताण येतो. पेट्रोल पंपावर शिरतानाच बाहेर निघण्याचा मार्ग पाहून ठेवावा.

प्रश्न : फोर्स ट्रॅव्हलरवर कॅराव्हॅन तयार करून घेऊन तिच्यामागे जिम्नी बांधून ताडोबा, पेंच, पचमढी असे फिरण्याचा माझा विचार आहे. ट्रॅव्हलरचे इंजिन एवढे ओढू शकेल का?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ट्रॅव्हलरचे 2.6 लिटर डिझेल 115 हॉर्सपॉवर आणि 350 न्यूटन-मीटर देते आणि पलंग, पाणी, स्वयंपाकघर यांनी भरलेली कॅराव्हॅन ओढण्यात ते आधीच गुंतलेले असते. मागे सुमारे 1,200 किलोंची जिम्नी लावून पचमढीचा घाट चढवणे त्याच्यावर अन्याय होईल. परंतु इंजिन मोठे असते तरी माझे उत्तर बदलले नसते. आपल्याकडच्या वाहनचालनाच्या नियमांनुसार रस्त्यावर दुसरे वाहन ओढण्याची मुभा मुख्यतः बंद पडलेल्या गाडीसाठी आणि नोंदणीकृत ट्रेलरसाठी आहे. चालू स्थितीतली कार सहलीसाठी टो-बारने ओढत नेणे त्यात बसत नाही. कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वाहन उद्योगाचे मानक आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीनंतर गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, म्हणून हिच वेल्डिंग करून घेण्याचा विचारही मनातून काढून टाका. कॅराव्हॅन मानकानुसार मान्यता असलेल्या उत्पादकाकडूनच करून घ्या. ताडोबा किंवा पेंचमध्ये सफारीला बहुधा नोंदणीकृत वाहनानेच गाइडसह आत जावे लागते, तेव्हा तिथे आपली जिम्नी बहुतेक प्रवेशद्वाराबाहेरच उभी राहील. पचमढीतही स्थळे पाहण्यासाठी स्थानिक जिप्सी भाड्याने मिळतात.