आधी पट्टा, मग पाया

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. तू एका दमात चार गोष्टी सांगितल्यास. समोरच्या डोंगराला वणवा लागलाय, गवंडी म्हणतो शिमग्याआधी घराचं जोतं बांधून घेऊ, आई म्हणते हा नाद सोड, आणि गावातल्या कोणीतरी सल्ला दिलाय की आपलं गवत आपणच आधी जाळून टाकावं. शेवटी विचारलंस, "काका, काम थांबवू की सुरू करू?" मी म्हटलं, पत्र लिहितो. फोनवर मी चिडलो असतो.

सुरू कर. पण पायापासून नको. आधी घराच्या जागेभोवतीचं गवत काढून मोकळा पट्टा कर. आधी पट्टा, मग पाया.

आपल्याकडे घर बांधायचे महिने आणि वणव्याचे महिने एकच आहेत. पावसात जांभ्याचा चिरा चढत नाही, मृगाआधी कौलं चढायला हवीत, म्हणून सगळा गाव दिवाळीनंतर बांधकाम काढतो. नेमकं तेव्हाच सड्यावरचं, कातळपठारावरचं गवत पिवळं पडू लागतं आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून कडकडीत होतं. पुरं झालेलं घर वणव्याला बरंच तोंड देतं. जांभा जळत नाही, कौल जळत नाही. अर्धवट घराचं तसं नसतं. सेंटरिंगच्या फळ्या, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, दारं-खिडक्यांचं लाकूड, जनरेटरचा कॅन, कामगारांची नारळाच्या झापांची खोपी आणि तीन दगडांची चूल, सगळं उघड्यावर. त्याला लागून कमरेएवढं गवत. या दिवसांत पट्ट्याशिवाय पाया खणणं म्हणजे सरण रचून ठेवणं. शब्द कडू आहे, पण मी तो बघितलाय.

२००३ साली मी घर काढलं. काजूची कलमं त्याआधीची, १९९० च्या फळबाग योजनेनंतर लावलेली. बाबांनी घरासाठी परसातला फणस तोडून, चिरून, दोन पावसाळे गोठ्याच्या माळ्यावर लाकूड वाळवलं होतं. तुळया, वासे, दाराच्या चौकटी, सगळं त्या एका झाडातून. जानेवारीत मी ते लाकूड जागेवर नेऊन रचलं आणि वर ताडपत्री घातली. बाबा म्हणाले, खालच्या अंगाचं गवत काढून घे. मी म्हटलं, गडी मिळाले की काढू, आधी जोतं होऊ दे. मार्चमधल्या एका दुपारी खालच्या रस्त्याकडून आग आली. आम्ही सहा जण ऐनाचे टाळे, पानांच्या फांद्या घेऊन आग झोडपत होतो. पंप चालू करायला गेलो तर वीज गेलेली, ठिबकच्या नळ्या वितळून जमिनीला चिकटलेल्या. आग माणसाच्या चालीनं येते असं मला वाटायचं. चढावर ती पळत येते.

फणसाचं लाकूड भडकून लगेच संपत नाही. दोन दिवस आतून धुमसत होतं. तिसऱ्या दिवशी बाबांनी एक तुळई काठीनं उलटवली. वरून काळी ठिक्कर, आणि जिथे फुटली तिथे आत हळदीसारखं पिवळं लाकूड, अजून गरम. त्यांनी तळहात त्यावर टेकवून ठेवला. मला एक शब्द बोलले नाहीत. छपराला पुढे लोखंडी कैच्या बसल्या, त्या त्यांनी पाहिल्या नाहीत. पुढच्या पावसात ते गेले. त्या तुळईतून एक पाट निघाला, तो माझ्याकडे आहे. तू बसली आहेस त्यावर, जेवायला.

म्हणून सांगतो, आधी पट्टा, मग पाया.

आता पट्टा म्हणजे किती, ते नीट ऐक. तुझं घर पंचवीस बाय तीस. तिन्ही बाजूंनी तीस-तीस फूट आणि उताराच्या बाजूला साठ. हिशोब केलास तर तीस गुंठ्यांतले नऊ गुंठे जातात. तू म्हणशील, तिसरा हिस्सा मोकळा कसा सोडू? पोरी, जुन्या घरांपुढचं खळं आठव. शेणानं सारवलेलं, रोज झाडलेलं, आमसुलं आणि कुळीथ वाळत घातलेलं. घराभोवती परसू, तिथे सांडपाण्यावर केळी आणि अळू. आपल्या आज्या रोज पातेरा, वाळका पाला गोळा करायच्या. पट्टा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, पण पट्टा होता. नऊ गुंठ्यांत खळं कर, पाण्यावरची भाजी कर, भिंतीपासून पंधरा-वीस फुटांवर दोन रातांबे लाव. हिरवं आणि झाडलेलं, एवढंच पाहिजे.

घराला अगदी लागून पाच-सहा फुटांत काहीच नको. चिरे किंवा खडी टाक. लाकडाची मोळी नको, पायपुसण्यांचा ढीग नको, उन्हाळ्यात झापांचा मांडव नको. मला ठाऊक आहे, मांडवाशिवाय खळं बोडकं दिसतं. पत्रा घाल.

कारण घर बहुतेक वेळा ज्वाळेनं पेटत नाही, ठिणगीनं पेटतं. आग गडग्यापलीकडे, दगडी कुंपणापलीकडे असते आणि जळकं पान वाऱ्यावर उडत येऊन पन्हळीतल्या पातेऱ्यावर बसतं. कौलांच्या फटीतून आत जातं, तिथे उंदरानं किंवा चिमणीनं काड्या जमवून ठेवलेल्याच असतात. लोक म्हणतात, आग विझली, घरी जाऊ. तास-दोन तासांनी छपरातून धूर निघतो. कौलाखालच्या फटी बुजव, वाऱ्याच्या झरोक्यांना धातूची बारीक जाळी लाव, माळ्यावर पेंढा ठेवू नकोस. वणवा विझल्यावर एक माणूस रात्रभर छपराकडे बघत जागा राहिला पाहिजे.

जागेबद्दल तू फोनवर जे बोललीस ते मला बिलकूल पटलेलं नाही. सड्याच्या कडेवर, दरी दिसेल अशी पडवी हवी. दरी दिसते तिथून आगही वर येते. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि तुझ्या कडेखाली तर घळ आहे, म्हणजे धुराडंच. तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरावर २०१८ च्या मार्चमध्ये वीसहून जास्त पदभ्रमण करणारी माणसं गेली, गवताच्या उतारावर आगीनं गाठली म्हणून. त्यांत तुझ्या वयाची पोरं होती. घर कडेपासून मागे घे, कातळाच्या अंगाला. दरी बघायला संध्याकाळी शंभर पावलं चालत जा.

वारा ओळखायला शीक. सकाळी मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, मंद असतो. अकराच्या सुमारास पडतो. मग खारा वारा सुरू होतो आणि दुपारी तो आग घेऊन चढावर धावतो. म्हणून वेल्डिंग, ग्राइंडर, ज्यातून ठिणगी उडते ते प्रत्येक काम सकाळी दहाच्या आत, आणि शेजारी पाण्याची बादली घेऊन उभा माणूस. गवंडी हसेल. हसू दे.

गवत जाळण्याचा सल्ला देणाऱ्याला माझं नाव सांग आणि नको म्हण. वनखातं जाळरेषा काढतं, तेव्हा आधी दोन्ही बाजूंनी गवत कापून, माणसं उभी करून, मधली पट्टी जाळतं. एकट्यानं काडी ओढणं वेगळं. ते मी केलंय.

घर जळायचं वाचलं, लाकूड गेलं, त्यानंतर तीन-चार वर्षं मी नेमानं पट्टा काढला. एका वर्षी गडी मिळेनात, मजुरी परवडेना. सकाळी आठला मी एकटाच गडग्याच्या कडेनं जाळत निघालो. दोन तास सगळं छान चाललं होतं. वारा त्या दिवशी अकराची वाट न बघता साडेदहालाच फिरला. आग गडगा ओलांडून शेजारच्या म्हातारीच्या बागेत गेली. सतरा कलमं, ऐन बोंडं धरलेली. तिचा मुलगा मुंबईला, ती एकटी. मी पंचनाम्यात माझं नाव सांगितलं, लपवलं नाही. पैसे घेऊन तिच्या ओट्यावर तीनदा गेलो. तिनं घेतले नाहीत. पुढच्या पावसात मी नवी कलमं लावून दिली, खड्डे मी स्वतः मारले. गावात अजून काही जण म्हणतात की मी मुद्दाम केलं, हद्दीच्या वादातून. हद्दीचा वाद होता, तो मी नाकारत नाही. पण मुद्दाम नाही. माझा हेतू पट्ट्याचा होता, आणि पट्टा बरोबरच होता, रीत चुकली. हे मी तुला का सांगतोय कोण जाणे. कदाचित कुणीतरी ते माझ्याकडून ऐकावं म्हणून.

तेव्हापासून कापतो. ग्रास कटरनं कापतो आणि गवत उचलून नेतो. कापून जागेवर सोडलेलं गवत उभ्या गवतापेक्षा बरं एवढंच, पट्टा नव्हे. त्या गवताची उडवी घालायचीच, म्हणजे ढीग रचायचाच, तर घरापासून शंभर फूट लांब.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून तुझं माझं भांडण होईल. तुझ्या गडग्यापलीकडची जमीन ज्यांची आहे ते बोरिवलीला असतात, गणपतीला येतात. पूर्वी त्या जमिनीतलं गवत गुरांना जायचं, छपराला जायचं. आता गुरं नाहीत, घरं बंद, आणि गवत उभंच्या उभं वाळतं. आपल्या जिल्ह्यात बहुतेक डोंगर खासगी मालकीचे, तिथे जाळरेषा काढायला सरकार येणार नाही. मग कोण काढणार? मी दरवर्षी गडग्यापलीकडची वीस फूट पट्टी माझ्या खर्चानं कापतो. मालकाला फोन करून सांगतो, विचारत नाही. एकदा एकानं वकिलाची नोटीस पाठवली. मी उत्तरात कापलेल्या गवताचा फोटो पाठवला. तू भिडस्त आहेस. विचारून घे, पण नकार आला म्हणून थांबू नकोस. त्यांचं गवत तुझ्या घरावर येणार आहे, त्यांच्या नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. क्युरिंगला टाकी लागणारच आहे, ती पायाआधी आण आणि घराच्या वरच्या अंगाला, मोकळ्या कातळावर बसव, म्हणजे वीज गेली तरी पाणी उतरेल. जमिनीवरून जाणारा पाइप लोखंडी घे. आंब्याच्या फवारणीचा पाठीवरचा पंप भरलेला ठेव, गवताच्या आगीला तो टँकरपेक्षा लवकर पोचतो. वनखात्याचा १९२६ क्रमांक भिंतीवर लिही. उपग्रहाचे आगीचे इशारे मोबाइलवर येतात, भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदव, पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच वरून जातो आणि त्याच्या नजरेचा एक ठिपका ३७५ मीटरचा. तुझं सगळं शेत त्या एका ठिपक्यात मावतं. तुझे डोळे आणि गुराख्याची हाक आधी येईल.

काजूचं. घरामागची ती तीन जुनी काजूची झाडं तुला ठेवायची आहेत. भिंतीपासून आठ फुटांवर आहेत, खाली पातेरा वीतभर, आणि काजूच्या टरफलात तेल असतं हे तुला सांगायला नको. तोड. मीही घराजवळचा रायवळ आंबा तोडला होता, बहीण वर्षभर बोलली नाही. मला अजूनही तो निर्णय बरोबर वाटतो, आणि अजूनही मे महिन्यात त्या जागेवरून जाताना मी दुसरीकडे बघतो. मनच झालं नाही तर फांद्या माणसाच्या उंचीच्या वर छाट आणि पातेरा रोज काढ. रोज म्हणजे रोज. रविवारी नव्हे.

गवंड्याला आजच सांग की दहा दिवस उशिरा ये. तो कुरकुरेल, दुसरं काम धरतो म्हणेल. धरू दे. दोन कटर आणि चार माणसं असली तर नऊ गुंठे आणि गडग्याबाहेरची पट्टी चार-पाच दिवसांत साफ होते. तू म्हणतेस पावसाआधी छप्पर राहील. राहिलं तर भिंतींवर प्लास्टिक घालून एक पावसाळा काढ. ओली भिंत पुढच्या वर्षी वाळते. आणि हो, दारांचं लाकूड तू आधीच घेऊन ठेवलं आहेस असं कळलं. ते जागेवर नेऊ नकोस. सुताराच्या पडवीत राहू दे, भाडं मागितलं तर दे.

आईला सांग, मी शनिवारी येतोय. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघतो, माझा कटर आणि दोन कोयते घेऊन. सुतळीचा गुंडा आणि खुंट्या तू आणून ठेव. पहिली खुंटी उताराच्या बाजूला मारू, भिंतीच्या रेषेपासून साठ फूट मोजून.

तुझा,
काका