टूर द फ्रान्समधली पहिली पिवळी जर्सी, म्हणजे एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची जर्सी, कोणाला मिळाली? तो सायकलपटू ही शर्यत कधी जिंकला का?

युजीन क्रिस्तोफ, फ्रान्सचा. 1919 साली. टूर मात्र तो एकदाही जिंकला नाही.

खरं तर 1913 मध्येच त्याला जिंकण्याची मोठी संधी होती. पिरेनीज पर्वतातला तुर्मले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा (चाक धरणारा फोर्क) मोडला. बाहेरची मदत घ्यायची नाही, असा नियम होता. म्हणून सायकल खांद्यावर टाकून तो दहाहून जास्त किलोमीटर चालत सेंत-मारी-द-काम्पां गावी गेला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीत चिमटा स्वतः ठोकून बसवला. तो आधी कुलपं बनवणारा कारागीर होता, म्हणून हे जमलं. सगळे मिळून जवळपास चार तास गेले. वर, एका मुलाने भाता चालवला म्हणून दहा मिनिटांचा दंड! नंतर तो कमी केला, पण मला तो आजही अन्याय वाटतो.

1919 मध्ये पिवळी जर्सी अंगावर असताना, शेवटून दुसऱ्या टप्प्यात चिमटा पुन्हा मोडला. शर्यत फिरमँ लांबोने जिंकली, क्रिस्तोफ तिसरा आला. लोक इतके हळहळले की त्याच्यासाठी वर्गणी काढली.

त्याचा मोठा विजय हवा असेल तर 1910 ची मिलान–सानरेमो ही इटलीतली शर्यत पाहा. बर्फात जेमतेम चौघांनी ती पूर्ण केली आणि पहिला हाच होता.