पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनचाच पडदा

प्रश्न : माझ्या संगणकावर लिनक्स मिंट आहे. संगणक सुरू होतो, लॉगिनचा पडदा येतो. पण पासवर्ड दिला की क्षणभर काळोख होऊन पुन्हा तोच पडदा समोर येतो. मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला, तर मात्र तो चुकल्याचा संदेश मिळतो. आदल्या दिवशी एक फाइल बदलता येत नव्हती, म्हणून मी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून खिडकीत उघडणारा संपादक वापरला होता. त्याचा याच्याशी संबंध असेल का? सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करण्याचा सल्ला मला मिळतो आहे.

उत्तर : तो सल्ला तूर्त बाजूला ठेवा. चुकीच्या पासवर्डचा प्रयोग तुम्ही करून पाहिलात हे फार बरे झाले, कारण अर्धे निदान त्यातच झाले आहे. लॉगिनचा पडदा दिसतो, त्या अर्थी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुरू झाला आहे, ग्राफिक्स ड्रायव्हर निदान तेवढ्यापुरता चालतो आहे आणि लॉगिन सांभाळणारा लाइटडीएमही उभा आहे. बरोबर पासवर्ड स्वीकारला जातो, म्हणजे खातेही शाबूत आहे. अडते ते त्यापुढच्या पायरीवर, तुमच्या नावाने डेस्कटॉपचे सत्र सुरू होताना; आणि त्या वेळी तुमच्या होम फोल्डरमध्ये काही छोट्या फाइली लिहिता येणे आवश्यक असते.

लॉगिनच्या पडद्यावरच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर वापरकर्त्याचे नाव विचारले जाईल. पुढे पासवर्ड टाइप करताना तारकासुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडला असे समजून अनेकजण येथूनच परत फिरतात. आत गेल्यावर आधी ‘डीएफ -एच’ ही आज्ञा द्या. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, त्या रोमन लिपीत टाइप कराव्यात.) मूळ विभागापुढे (‘/’ ही खूण असलेल्या ओळीत) १०० टक्के दिसले, तर दोष जागेचा आहे. ईएक्सटी४ ही फाइलप्रणाली सहसा ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे प्रशासकाच्या खात्यासाठी, राखून ठेवते, त्यामुळे डिस्क भरली तरी प्रणालीची कामे काही काळ चालतात आणि सामान्य वापरकर्ता मात्र दारातच अडतो. मिंटमध्ये जागा खाण्यात टाइमशिफ्टच्या (प्रणालीच्या प्रती जपून ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) जुन्या प्रतींचा वाटा पुष्कळदा मोठा असतो. मी स्वतः एकदा हे न पाहता तीन सेटिंग फाइली बदलून बसलो होतो, आणि डिस्क मोकळी केल्यावर त्या तिन्ही पूर्ववत करण्यातच अधिक वेळ गेला.

जागा पुरेशी असेल, तर तुमच्या शंकेकडे वळू. ‘एलएस -एल .एक्सऑथॉरिटी’ ही आज्ञा द्या. ग्राफिकल पडदा वापरण्याची तुमची परवानगी या फाइलीत असते. नावाच्या आरंभी टिंब आहे आणि त्यातला एक्स मोठ्या लिपीतला आहे. उत्तराच्या ओळीत मालकाच्या जागी तुमच्या नावाऐवजी ‘रूट रूट’ दिसले, तर चोर सापडला. ग्राफिकल प्रोग्राम सुडोने चालवला की काही रचनांमध्ये तो तुमच्याच होम फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइली सोडून जातो, आणि नंतर तुमचे सत्र त्या फाइलीत लिहू शकत नाही. गंमत अशी, की फोल्डर तुमचे असल्यामुळे रूटची ही फाइलही तुम्ही सुडोविना हलवू शकता : ‘एमव्ही .एक्सऑथॉरिटी .एक्सऑथॉरिटी.जुनी’. पुढच्या लॉगिनला नवी फाइल आपोआप तयार होते. ‘.आयसीईऑथॉरिटी’ हिचीही मालकी याच प्रकारे तपासा. दोन्ही ठीक निघाल्या, तर ‘.एक्ससेशन-एरर्स’ या फाइलीच्या शेवटच्या ओळी वाचा. सत्र कशावर अडले ते बहुधा तेथे नोंदलेले असते. यापुढे प्रणालीची फाइल बदलायची असेल, तर ‘सुडोएडिट’ वापरा. ते फाइलीच्या प्रतीवर संपादक तुमच्याच अधिकारात चालवते.

प्रश्न : माझ्याकडे एनव्हिडियाचे कार्ड आहे. अपडेटनंतर लॉगिनचा पडदाच येत नाही, नुसता काळोख. वरचेच उपाय करावेत का?

उत्तर : नाही, तुमची गाडी बऱ्याच आधी अडते आहे. संगणक सुरू होताना ग्रबची, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामची, यादी आणा (जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरावी लागते, यूईएफआयवर एस्केप) आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर डेस्कटॉप आला, तर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) तयार झाले नसावे असा दाट संशय घ्यावा. ‘डीकेएमएस स्टेटस’ या आज्ञेच्या उत्तरात नव्या कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसत नसेल, तर त्या कर्नलची हेडर्स (मॉड्यूल तयार करायला लागणाऱ्या फाइली) बसवून ड्रायव्हर पुन्हा इन्स्टॉल करा. मॉड्यूल तयार असूनही लोड होत नसेल, तर यूईएफआयमधले सिक्युअर बूट हे सुरक्षेचे सेटिंग चालू आहे का ते पाहा, कारण स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल ते आत घेत नाही. जुन्या कर्नलवरही काळोखच असेल, तर ग्रबच्या यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. चित्र ओबडधोबड दिसेल, पण ड्रायव्हर दुरुस्त करण्यापुरता डेस्कटॉप बहुधा हाती येईल.