विचारायचं वय, मागायची अख्खी ओळख

प्रश्न : मी ४२ वर्षांची आहे. कित्येक वर्षं वापरतेय त्या अ‍ॅपने परवा अचानक वय सिद्ध करा म्हणून अडवलं, पासपोर्टचा फोटो द्या नाहीतर सेल्फी. कायदा मुलांसाठी, मग माझे कागद कशाला? आणि दिलेला फोटो जातो कुठे?

उत्तर : ताई, लहान कोण ते शोधायचं तर मोठ्यांनाही विचारावंच लागतं ना, म्हणून ते तुमच्यापर्यंत आलं. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५ पासून पॉर्न साइट्सना नुसती '१८ पूर्ण' वाली टिक चालत नाही, ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ च्या आतल्या मुलांना मोठ्या सोशल मीडियावर अकाउंट ठेवता येत नाही. मुलांना जपायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही, पण पद्धत बघून जीव घाबरतो.

पासपोर्टचं ते पान डोळ्यासमोर आणा. त्यांना हवंय फक्त 'वय पुरेसं आहे, हो की नाही' आणि आपण देतो नाव, जन्मतारीख, जन्माचं ठिकाण, नंबर, फोटो. दारावर कार्ड बघून परत देणं वेगळं, झेरॉक्स ठेवून घेणं वेगळं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपने कळवलं की सुमारे ७० हजार लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत, आणि ते होते बाहेरच्या एका कंपनीकडे, वयाच्या तक्रारी तपासायला दिलेले! म्हणजे फोटो नेहमी अ‍ॅपकडेच राहतो असं नाही.

त्याहून मला काळजी वाटते ती टोपणनावाने लिहिणाऱ्यांची. नवरा मारतो, आजार घरी सांगता येत नाही, अशा गोष्टी बाई ग्रुपवर लिहिते कारण तिथे तिचं खरं नाव नसतं, उद्या त्याच अकाउंटला पासपोर्ट चिकटला तर ती लिहील का?

तुम्ही घाई करू नका. तपासणारी कंपनी कोणती आणि फोटो कधी डिलीट करणार ते आधी वाचा. सेल्फीवरून वयाचा अंदाज फोनमध्येच लावला जात असेल आणि फोटो बाहेर जात नसेल तर मी तोच पर्याय घेईन, बेचाळिशीत तो अंदाज सहसा अडत नाही, गोंधळ होतो तो सतरा-अठराच्या आसपास. ईमेलमधल्या लिंकवर कागद टाकू नका, अ‍ॅप उघडूनच करा. आपण दुसऱ्या देशातून आलोय असं भासवणाऱ्या फुकटच्या व्हीपीएन अ‍ॅपच्या मागेही लागू नका, तुमचं इंटरनेटवरचं सगळं येणंजाणं मग ते चालवणाऱ्या कंपनीच्या हातात जातं. आणि पासपोर्टशिवाय काहीच चालत नाही म्हणाले, तर दुसरा मार्ग द्या म्हणून लेखी मागा, ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात तर सरकारी ओळखपत्राला पर्याय ठेवणं कंपन्यांना बंधनकारकच आहे.