नातवाशी बोलताना आवडनिवड सोप्या इंग्रजीत कशी सांगू?

ताई, तुम्ही लिहिलंय की नातू साडेपाच वर्षांचा आहे, इंग्लंडमध्ये वाढतोय, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतच देतो. व्हिडिओ कॉलवर त्याला काय आवडतं ते विचारायचंय, आपलंही सांगायचंय, आणि तुमचं इंग्रजी शाळेतलं, पाचवीपासूनचं. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, त्यामुळे आपल्या पिढीत बहुतेकींचं असंच आहे. मी सांगलीत संध्याकाळी बायकांना बोलायचं इंग्रजी शिकवते आणि पहिल्या आठवड्यात हाच विषय घेते. शब्द सगळ्यांना येत असतात. गाडी अडते ती वाक्याच्या रचनेपाशी.

आपण म्हणतो, चहा आवडतो, भाजी आवडते, वरण आवडतं, आंबे आवडतात. म्हणजे क्रियापद वस्तूच्या मागून चालतं. आवडणारी मी असो की माझे मिस्टर, 'आवडतो'ला त्याचं काही नाही. इंग्रजीत सगळा मान माणसाला. 'आय लाइक टी', 'आय लाइक मॅंगोज'. वस्तू कितीही बदला, 'लाइक' जागचं हलत नाही. माणूस बदलला की मात्र हलतं: 'माय डॉटर लाइक्स टी'. तेव्हा मनात 'मला' आलं की ते सोडून द्या आणि 'मी' धरा. 'मी पसंत करते' असं मनात म्हटलं तरी वाक्य रुळावर येतं.

जुन्या इंग्रजीतही रचना आपल्यासारखीच होती. वस्तू माणसाला आवडायची, आणि शेक्सपिअरच्या काळापर्यंत 'इट लाइक्स मी' अशा धर्तीची वाक्यं चालत होती. मग हळूहळू माणूस पुढे आला. हे मी वर्गात मुद्दाम सांगते, कारण 'मला'पासून सुरुवात करणाऱ्या बाईला आपलं डोकंच चालत नाही असं वाटायला लागतं. तसं अजिबात नाही. तुम्ही मराठी नीट बोलता, म्हणून तसं होतं.

दुसरी चूक 'आय ॲम लाइक टी'. शाळेत 'आय' म्हटलं की 'ॲम' असं घोकलेलं असतं, ते इथे मध्ये येतं. 'आय ॲम' म्हणजे मी अमुक आहे. आवडण्यात 'आहे' नाही, म्हणून 'ॲम'ही नाही. नको असेल तर 'आय डोन्ट लाइक मिल्क'. नातवाबद्दल सांगताना 'ही डझन्ट लाइक मिल्क', आणि इथे 'लाइक्स'मधला 'स' 'डझन्ट'मध्ये गेलेला असतो, तो पुन्हा लावायचा नाही. खूप आवडतं हे 'व्हेरी लाइक' होत नाही, 'आय लाइक इट अ लॉट' असं शेवटी येतं. 'हेट' शब्द जपून वापरा, त्यात तिटकारा आहे. पाहुण्यांच्या घरी कारल्याची भाजी आपण जशी 'फारशी आवडत नाही' म्हणून टाळतो, तसं इंग्रजीत 'आय डोन्ट रिअली लाइक इट'.

आता ज्यात माझ्या वर्गातल्या हुशार बायकाही फसतात ते सांगते. एकीची सून जर्मन आहे, दोघी इंग्रजीत बोलतात. सुनेनं पाठवलेली शाल या बाईंनी कॅमेऱ्यासमोर उघडली, अंगावर घेतली आणि मनापासून म्हणाल्या, 'आय लाइक्ड इट'. सून थांबली आणि तिनं विचारलं, 'ॲन्ड नाऊ?' आपण शाल हातात असतानाच 'आवडली!' म्हणतो, पण तो भूतकाळ इंग्रजीत नेला की आता आवडत नाही असा वास येतो. वस्तू समोर आहे, तेव्हा 'आय लाइक इट' किंवा 'आय लव्ह इट'. सिनेमा पाहून झाला, जेवण होऊन गेलं, तर 'आय लाइक्ड इट' बरोबर. आणि ते 'इट' गाळू नका. मराठीत नुसतं 'आवडलं' पुरतं, इंग्रजीत काय आवडलं ते म्हणावंच लागतं.

प्राण्यांबद्दल विचाराल तेव्हा अनेकवचन ठेवा. 'डू यू लाइक डॉग्ज?' यातला 'ज' गळला तर कुत्र्याचं मांस आवडतं का असा अर्थ निघतो. 'चिकन'च्या बाबतीत मात्र तोच अर्थ आपल्याला हवा असतो, म्हणून तिथे 'आय लाइक चिकन'. करायच्या गोष्टींना 'इंग' लावा: 'आय लाइक कुकिंग', 'डू यू लाइक स्विमिंग?' आणि कोणी 'वुड यू लाइक सम टी?' म्हणालं तर ती आवड नाही, आत्ता चहा घेणार का असा आग्रह आहे. त्याला 'येस, प्लीज' किंवा 'नो, थँक यू'.

आज कॉलवर हातात एखादी वस्तू घेऊन बसा, आंबा असेल तर उत्तमच. 'आय लाइक मॅंगोज. डू यू लाइक मॅंगोज?' तो 'येस, आय डू' किंवा 'नो, आय डोन्ट' म्हणेल. नाही म्हणाला तर 'व्हॉट डू यू लाइक?' विचारा आणि मग त्याला बोलू द्या. त्यानं सांगितलेलं तुम्हालाही आवडत असेल तर 'मी टू' म्हणा. या वयाची मुलं भरभर बोलतात, एखादा शब्द निसटला तर 'से इट अगेन, स्लोली' म्हणायला संकोचू नका. आजीला शिकवायला मिळालं की मुलं फार मनापासून शिकवतात.