बागेचा प्लॅन तयार आहे, पण राहणारे तिकडे फिरकतील का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकजवळ मानसिक आजारातून सावरलेल्या चौदा जणांचं निवासगृह, मागे तीस बाय चाळीस फुटांची मोकळी जागा, देणगीदार तयार. लँडस्केपवाल्याने लॉन, कारंजं, दगडी पायवाट आणि ‘हीलिंग गार्डन’ अशी पाटी काढून दिली आहे. पावसाळ्याआधी उरकून घ्यावं का?

माझं मत विचाराल तर थांबा. मी पुण्याजवळच्या अशाच एका घरात नऊ वर्षं बागेचं बघतोय, आणि पहिल्या वर्षी आम्ही नेमकी हीच घाई केली होती. एका शनिवारी एका कंपनीची पन्नासेक माणसं आली. सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. दुपारपर्यंत दीडशे रोपं लावली, फोटो काढले, वडापाव खाल्ला आणि गेली. राहणारी मंडळी व्हरांड्यात बसून बघत होती. त्यांतले एक काका, आयुष्यभर शेती केलेले, मला दोनदा म्हणाले, “खालच्या अंगाला पाणी धरतं.” मी “हो हो काका” म्हणून पुढे गेलो. जमीन काळी. जुलैत तिथे घोट्याएवढं पाणी साचलं आणि ऑगस्टपर्यंत खालची सगळी रोपं मुळाशी कुजली. काकांनी नंतर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला आम्ही काहीच लावलं नाही. हिरवी शेडनेट ताणली, दोन बाक टाकले आणि चारचा चहा मागच्या अंगणात द्यायला लागलो. महिनाभर फक्त चहा. पहिल्या आठवड्यात तिघं आले, मग सहा-सात. त्या गप्पांतून कळलं की एकाला मिरची लावायचीय, दोघींना मोगरा हवाय, एकाला झाडंबिडं काही नकोत पण भिंतीकडे तोंड करून बसता येईल असा कोपरा हवाय, आणि कुंड्यांना ‘हॉस्पिटलसारखा हिरवा’ रंग कोणालाच नकोय. पाटीचा विषय निघाला तेव्हा एक ताई म्हणाल्या, “घरात कोणी पाटी लावतं का? परस म्हणा की.” तेव्हापासून तो परस. माणूस दिवसभर ‘पेशंट’ असतोच, निदान मागच्या दारी तरी नको.

‘नुसतं बसणाऱ्यांना कामाला कसं लावायचं’ असं तुम्ही विचारलंय. लावू नका. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाचा १९८४ सालचा अभ्यास या विषयात सगळे सांगतात. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी ज्या तेवीस जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या तेवीस जणांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. त्यांनी खुरपं हातात धरलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं.

आमच्या एक मावशी रोज कढीपत्त्याचं एकच पान तोडायच्या, बोटांत चुरगळायच्या, वास घ्यायच्या आणि आत जायच्या. तीन महिने हेच. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे ‘सहभाग नाही’ असं लिहिलं जायचं. चौथ्या महिन्यात पानं पिवळी पडायला लागली, तर मावशी स्वयंपाकघरातून आंबट ताकाचं भांडं घेऊन आल्या आणि आम्हाला बाजूला सारून बुंध्याशी ओतलं. “ह्याला ताक लागतं. एवढं माहीत नाही?” त्यानंतर त्या झाडाचा ताबा त्यांच्याकडे गेला, आजतागायत. रजिस्टरमधला तो रकाना आम्ही काढून टाकला.

आता वेळ आणि औषधं, कारण यात चुकलं तर माणसाला त्रास होतो. सकाळी सहाचा उत्साही कार्यक्रम ठेवू नका. रात्रीच्या गोळ्यांची गुंगी तेव्हा उतरलेली नसते. आम्ही हिवाळ्यात साडेनऊ-दहाला आणि एरवी साडेचारनंतर बसतो. क्लोरप्रोमाझिनसारख्या मानसिक आजारावरच्या औषधांनी कातडी उन्हाने पटकन भाजते. काही औषधांनी घाम कमी येतो, मग उन्हात अंग तापतं. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर अंगातलं पाणी कमी होणं चांगलं नाही, रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं. म्हणून टोपी, सावली आणि हाताशी पाण्याचा माठ. कोणाला काय चालू आहे ते तुमच्या डॉक्टरांकडून आधी समजून घ्या. हात थरथरत असतील तर राजगिऱ्याचं किंवा माठाचं बारीक बी देऊ नका, चिडचिड होते. भोपळा, वाल, कारलं, मका अशा मोठ्या बिया द्या.

वाफे दोन फूट उंच बांधा. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर रुंदी चार फूट, भिंतीला लागून असेल तर दोनच. कंबर धरणारे आणि व्हीलचेअरवाले दोघांचीही सोय होते. पायवाट दगडी नको, शेवाळलं की माणूस पडतो. खरबरीत सिमेंटची चार फूट रुंद करा. कारंजं तर नकोच. बंद पडलं की डासांचं घर.

कण्हेर, बिट्टी, धोत्रा, एरंड, गुंज, डिफेनबाखिया ही विषारी झाडं आवारात नकोत. आमच्या कुंपणाला जुनी बिट्टी होती, ती मुळासकट काढली. कीटकनाशकाची बाटली गेटच्या आतच येऊ द्यायची नाही, निंबोळी अर्काने भागतं. हत्यारांसाठी एका फळीवर प्रत्येकाची आकृती रंगवून खिळा ठोकलाय, काय परत आलं नाही ते एका नजरेत कळतं. कोणाची झडती घ्यावी लागत नाही. किल्ली मात्र राहणाऱ्यांपैकीच एकाकडे असते.

एक गोष्ट ट्रस्टींना जरूर सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे मानसिक आरोग्य आस्थापनेत कोणावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. ‘थेरपी’ म्हणून रोज लॉन कापून घेणं त्यात बसत नाही. आमच्याकडे दिवाळीआधी झेंडू विकला जातो. पैसे कसे वाटायचे ते राहणारेच बैठकीत ठरवतात. भांडणंही होतात, आणि ती मी मिटवायला जात नाही.

स्वयंपाकवाल्या ताईंना पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्या. आमच्या ताई सुरुवातीला वैतागल्या, “मूठभर भाजी सतरा माणसांना कशी पुरवू?” त्यांचं बरोबर होतं. मग आम्ही थोडक्यात भागणारंच लावलं: चहात गवती चहा, चटणीला पुदिना, कोशिंबिरीला काकडी, वरणात कढीपत्ता. न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू. रोज ताटात काहीतरी मागच्या दारचं असतं, आणि कोणाचं ते सगळ्यांना माहीत असतं.

आत्ता मे चाललाय. या महिन्यात चहा सुरू करा, पालापाचोळा आणि शेणखत जमवा, जमलंच तर दोन वाफे बांधा. दोन चांगले पाऊस झाले की भेंडी, गवार, दोडका, काकडी टोका. मेथी-कोथिंबिरीचा मोह ऑक्टोबरपर्यंत आवरा, झोडपणाऱ्या पावसात ती सडते आणि पहिलंच पीक गेलं की मंडळी खट्टू होतात. पारिजातक मात्र याच पावसाळ्यात लावा. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याला पुढेमागे पायाशी सडा मिळेल.

देणगीदाराला उद्घाटनाची तारीख देऊ नका. पैसे तीन वर्षांत थोडे थोडे लागतील असं स्पष्ट सांगा. आमचे एक देणगीदार यावर नाराज होऊन गेले, दुसरे थांबले.

आणि पाऊस पडला की तुमच्या मागच्या अंगणात पाणी कुठे तुंबतं, हे त्या चौदा जणांना विचारून इथे लिहा. प्लॅनचं मग बघू.