‘फुल इन्शुरन्स’ आहे, मग पाय मोडल्याचे पैसे कुठे?

गाडीचा विमा म्हणजे गाडीवाल्याच्या अंगाचाही विमा, असे समजून दर महिन्याला पत्रे येतात. यावेळी त्यांतली काही निवडली आहेत.

बाईकवरून घसरून पाय मोडला. पॉलिसी फुल आहे, पण कंपनी म्हणते हॉस्पिटलचे बिल मिळणार नाही. (सातारा)

कंपनीचे बरोबर आहे. मालक-चालकाचे १५ लाखांचे अपघात संरक्षण, ज्याला सगळे ‘पीए कव्हर’ म्हणतात, ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असते. दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले तर पूर्ण रक्कम, एक गेला तर निम्मी. भरून येणाऱ्या फ्रॅक्चरला काही नाही. त्यासाठी आरोग्य विमा हवा. मात्र २०२५च्या मे महिन्यापासून रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना आहे: ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. दाखल करतानाच विचारा. घरी आल्यावर विचारून उपयोग नाही.

गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मी. पीए मला मिळेल का?

नाही. आरसीवर ज्याचे नाव, त्यालाच, आणि तेही लायसन्स चालू असेल तर. तुमच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी घ्या.

घरात माझ्या नावावर तीन गाड्या आहेत. तीन वेळा पीए भरू?

एकदाच पुरे. २०१९पासून ते वेगळे घेता येते, आणि १५ लाखांची स्वतंत्र अपघात पॉलिसी असेल तर त्याचीही सक्ती नाही. शोरूममधला माणूस ‘कंपल्सरी आहे’ म्हणत प्रत्येक गाडीवर ते चढवतो, कारण त्याचे कमिशन प्रीमियमवर ठरते. असे संरक्षण आधीच आहे, असे घोषणापत्र द्या आणि हप्त्याच्या पावतीतली ओळन् ओळ वाचा.

मागे बसलेल्या बायकोला लागले. पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची.

चूक तुमचीच असेल आणि दुसरी गाडी मध्ये नसेल, तर तशा पॉलिसीतून मागच्या माणसाला सहसा काही मिळत नाही. दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिच्या विमा कंपनीकडून मिळू शकते. पॉलिसीची प्रत घेऊन वकिलाला दाखवा.

ट्रकने धडक दिली. चौकीत वीस हजारांत मिटवले. आता आठ महिन्यांनी पायाचे दुसरे ऑपरेशन सांगितले आहे. काय करता येईल? (नगर)

या ‘मिटवले’ शब्दाने घरे बुडतात. त्या क्षणी हाड किती तुटले, कामावर कधी जाता येईल, पाय आखूड राहील का, हे डॉक्टरलाही माहीत नसते. ट्रकमालकाला मात्र पक्के माहीत असते की वीस हजार देऊन आपण लाखांतून सुटलो. खरे तर पैसे त्याच्या खिशातून नव्हे, त्याच्या विमा कंपनीकडून यायचे असतात.

१ एप्रिल २०२२पासून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत आहे. पूर्वी मुदत नव्हती, आणि ‘दावा कधीही टाकता येतो’ हे जुने ऐकीव ज्ञान अजून गावोगाव फिरते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, म्हणून आशा सोडू नका, पण तिच्यावर बसूही नका. आधी एक तपासा: गुन्हा नोंदला गेला होता का? नोंदला असेल तर पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि पुढे सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. तो तिथे पोहोचला का, हे वकिलाकडून याच आठवड्यात बघा. एमएलसीचे (रुग्णालयाने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीचे) कागद, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिले, पगाराचे पुरावे जमवा. चौकीत तुम्ही कशावर सह्या केल्या, त्याची प्रतही मिळवा. अपंगत्वाचा दाखला सरकारी रुग्णालयाचा असलेला बरा.

आणि वॉर्डात टक्केवारीवर दावा लढवायला येणारे ‘साहेब’ दिसले तर कोऱ्या कागदावर सही करू नका. दावा तुमच्या राहत्या जिल्ह्यातही टाकता येतो, त्यासाठी दलाल लागत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा.

धडक देऊन गाडी पळाली, नंबर नाही.

हिट अँड रनची भरपाई आहे: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज तहसील किंवा प्रांत कार्यालयात. गुन्हा नोंदवलेला असावा.

हेल्मेट नव्हते, पीए नाकारतील का?

तेवढ्यावरून नाकारता कामा नये. दारू प्यायलेली असेल तर नाकारतील. नाकारले तर लेखी कारण मागा आणि ते घेऊन विमा लोकपालाकडे जा.